वाचकांचे प्रश्न : बालरोग संशोधन आणि त्यात उतरणारी तरुण माणसे

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहिले होते की पुण्यातल्या रुग्णालयांतून दरवर्षी बालरोगतज्ज्ञ बाहेर पडतात, परंतु त्यांच्यापैकी संशोधनाकडे वळणारे थोडे असतात आणि वळलेल्यांपैकी टिकणारे त्याहूनही थोडे. ही माणसे का टिकत नाहीत, असा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी बालरोगशास्त्रात एमडी करीत आहे आणि हे माझे शेवटचे वर्ष आहे. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर माझा प्रबंध आहे आणि त्या कामाची मला खरोखर गोडी लागली आहे. घरच्यांनी चिंचवडला दवाखान्यासाठी जागा पाहून ठेवली आहे. आमचे सर म्हणतात, संशोधन करायचेच असेल तर ड्यूटी संपल्यावर कर. मला नेमके काय मिळाले तर मी या वाटेवर टिकू शकेन?
— एक निवासी डॉक्टर, पुणे

उत्तर : तुमच्या सरांनी दिलेला सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो प्रामाणिकपणे पाळला. एमडीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी एका रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांचा सहा महिने पाठपुरावा करण्याचे काम अंगावर घेतले. दिवसभर ओपीडी आणि वॉर्ड, आणि रात्री नोंदी, असा तो क्रम होता. सहा महिन्यांनी मी बाळांचा शोध घ्यायला निघाले तेव्हा निम्म्याहून अधिक बाळे सापडली नाहीत. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी येतात आणि दोन-तीन महिन्यांनी सासरी परततात, हे ठाऊक नसलेली बाई मराठी घरात सापडणार नाही. परंतु माझ्या फॉर्मवर पत्त्यासाठी एकच रकाना होता आणि त्यात माहेरचा पत्ता लिहिलेला होता. अभ्यास तिथेच संपला. चूक सर्वस्वी माझी होती. तरीही आज मला असे वाटते की, तो फॉर्म मी दिवसाउजेडी, दोन तास निवांत बसून तयार केला असता, किंवा असे पाठपुरावे आधी केलेल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने तो पाच मिनिटे नजरेखालून घातला असता, तर त्या बाळांचे आणि माझे वर्ष वाया गेले नसते.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर याच अनुभवातून आलेले आहे. तुम्हाला पैशाच्याही आधी दोन गोष्टी लागतील : राखून ठेवलेला वेळ आणि हाताशी असलेला मार्गदर्शक. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून नवोदित डॉक्टर-संशोधकांना जी अनुदाने दिली जातात, त्यांत बहुतेक शाखांसाठी अशी अट असते की, उमेदवाराच्या कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी मोकळा ठेवण्याची हमी त्याच्या संस्थेने द्यावी. आपल्याकडच्या रुग्णांची गर्दी पाहता तेवढी मोकळीक मिळणे कठीण आहे, हे मी जाणते. परंतु आठवड्याचे दोन दिवस, लेखी स्वरूपात, त्या दिवशी कोणीही ओपीडीला बोलावणार नाही अशा खात्रीने मिळाले, तरी काम उभे राहते. ‘वेळ मिळेल तेव्हा’ या बोलीवर मात्र विसंबू नका.

दुसरी गोष्ट अशी की, आरंभी स्वतःचा अभ्यास शून्यातून उभा करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा, चालू असलेल्या एखाद्या दीर्घ अभ्यासात शिरावे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरात आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनात एवढे अंतर असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, परंतु चरबी राखून असलेले हे भारतीय बाळ जगाच्या वैद्यकाला त्या अभ्यासाने दाखवून दिले. पुढे ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली : गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा रोध, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराने न जुमानणे, सर्वांत जास्त होता. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तीच मुले मोठी झाल्यावर, त्यांना स्वतःला मुले होण्यापूर्वीच ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग त्याच गावांत हाती घेतला गेला.

हे मी एवढ्या विस्ताराने सांगते आहे, कारण अशा ठिकाणी जाणाऱ्या तरुणाला कोणकोणत्या गोष्टी आयत्या मिळतात, त्याचा विचार तुम्ही करावा. गावांतल्या घरांशी जुळलेला विश्वास, दारोदार जाणाऱ्या अनुभवी कार्यकर्त्या, गोठवून ठेवलेले जुने नमुने, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि त्या नोंदींतल्या चुका कुठे दडलेल्या असतात हे ठाऊक असलेली माणसे. यांतले काहीही कोणत्याही फेलोशिपच्या रकमेतून एका वर्षात विकत घेता येत नाही.

तुमच्या विषयातही मोठे काम होऊ शकते, हे ओडिशातल्या खेड्यांतील अभ्यासाने दाखवले आहे. तेथे ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात हितकर जिवाणू आणि त्यांना पोसणारी शर्करा तोंडावाटे दिली गेली, आणि जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु योग्य जिवाणू शोधण्याचे काम त्याआधी कित्येक वर्षे चालले होते आणि त्या काळात दाखवण्याजोगे फारसे काही हाती नव्हते.

पैशाचेही सांगते. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये मिळून सुरू केलेली इंडिया अलायन्स ही संस्था नवोदित संशोधकांना, त्यात डॉक्टरांनाही, पाच वर्षांच्या फेलोशिप देत आली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, योजना आहेत, आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे नवोदितांसाठीचे अनुदानही आहे. अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून मूळ जाहिरातच वाचावी. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जो ऑनलाइन संशोधन-अभ्यासक्रम तुम्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करावाच लागतो, तो बहुतेक जण प्रमाणपत्रापुरता उरकतात. तुम्ही तो पुन्हा एकदा, स्वतःच्या प्रबंधातली माहिती समोर ठेवून, सावकाश पाहावा.

आणि चिंचवडच्या जागेबद्दल. घरच्यांशी भांडू नका. दोन वर्षांची मुदत मागा, त्या दोन वर्षांत काय करणार आहात ते त्यांना कागदावर लिहून दाखवा. आई-वडिलांना संशोधन नको असते असे मी फारसे पाहिलेले नाही. मुलगा किंवा मुलगी अधांतरी राहील, ही त्यांची भीती असते आणि ती खोटी नाही.

प्रश्न : आमचे बाळ सातव्या महिन्यात जन्मले आणि पाच आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होते. तिथे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आली आणि एका अभ्यासासाठी बाळाच्या रक्ताचा नमुना घेण्याची परवानगी मागू लागली. आम्ही घाबरून नाही म्हटले. बाळ आता बरे आहे. पण ती मुलगी फार सौम्यपणे बोलत होती, आणि आम्ही तिला तुटकपणे घालवून दिले याची रुखरुख लागून राहिली आहे. आमचे चुकले का? आणि एवढ्या लहान जिवांवर अभ्यास करण्याची गरजच का पडते?
— एक आई, हडपसर

उत्तर : ताई, आपले मुळीच चुकले नाही. नकार देणे हा आपला हक्क आहे, त्यासाठी कारण सांगावे लागत नाही आणि नकारामुळे बाळाच्या उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये. एकदा दिलेली संमतीसुद्धा नंतर केव्हाही मागे घेता येते.

गरज का पडते, याचे उत्तर दोन जुन्या आणि दुःखद गोष्टींत आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मोठ्या माणसांना चालत होते, म्हणून ते नवजात बाळांनाही दिले जाई. त्या बाळांचे यकृत ते औषध शरीराबाहेर टाकण्याइतके तयार झालेले नसते, ही गोष्ट बाळे राखाडी पडून दगावू लागल्यानंतर, १९५९ च्या सुमारास ध्यानात आली. त्याआधी, १९४० च्या दशकात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मुक्तहस्ताने प्राणवायू दिला जात असे आणि त्याने जगभरात हजारो मुले आंधळी झाली. देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. प्राणवायू जास्त दिला तर बिघडते काय, असेच सर्वांना वाटत होते. १९५३-५४ मध्ये काळजीपूर्वक तुलना करणारा अभ्यास झाला तेव्हा खरे कारण कळले, आणि पुढे प्राणवायू फार कमी केला तर बाळे दगावतात हेही कळले. आपल्या बाळाच्या पायाला किंवा हाताला एनआयसीयूत जो लाल दिव्याचा सेन्सर बांधला होता, तो प्राणवायूचे हे माप सांभाळण्यासाठीच होता. किती असावे आणि किती नसावे, हे अशा अभ्यासांत सामील झालेल्या बाळांमुळे आज ठाऊक आहे.

रक्ताविषयी आपल्याला भीती वाटली ते स्वाभाविक आहे. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे एक फुलपात्रभर असते, आणि आपले बाळ तर त्याहूनही लहान असणार. म्हणूनच अभ्यासासाठी किती रक्त घ्यावे यावर कडक मर्यादा पाळल्या जातात : युरोपातील मार्गदर्शनानुसार एका वेळी एकूण रक्ताच्या एक टक्क्याहून आणि चार आठवड्यांत मिळून तीन टक्क्यांहून जास्त घेऊ नये. उपचारांसाठी नमुना घेतलाच जाणार असेल तर त्यातलेच दोन थेंब वापरावेत, अशी रचना चांगला संशोधक करतो. पुन्हा कधी कोणी विचारले तर किती रक्त घेणार, वेगळे टोचणार का, आणि संशोधन योग्य रीतीने होते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे तीन प्रश्न नि:संकोच विचारा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मूल सात वर्षांचे झाले की पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार तोंडी घ्यावा लागतो आणि बारा वर्षांनंतर तो लेखी घ्यावा लागतो. एवढ्या लहान वयाच्या माणसालाही विचारावे लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या तरुण डॉक्टरविषयी म्हणाल तर, नकार ऐकणे हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे. पाच आठवडे काचेपलीकडे बाळ पाहणाऱ्या आईशी केव्हा बोलावे आणि केव्हा बोलू नये, हे आमच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नीट शिकवले जात नाही, आणि त्याची उणीव मला सतत जाणवते. आपण पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ती दिसली, तर बाळ तिला दाखवा.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बालरोग संशोधनाची ओळख करून घेण्यासाठी आत्ताच काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, धनकवडी

उत्तर : होय. आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी-संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तिच्यात दोन महिन्यांचा एक छोटा अभ्यास एका मार्गदर्शकाच्या हाताखाली करता येतो आणि विद्यावेतनही मिळते. जाहिरात येण्याची वाट न पाहता मार्गदर्शक आधी निवडा. तो निवडताना त्यांच्या नावावर किती शोधनिबंध आहेत हे पाहण्यापेक्षा, त्यांच्या हाताखालचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि त्यांच्याविषयी काय बोलतात, ते पाहावे.

प्रश्न : माझी मुलगी जीवरसायनशास्त्रात पीएचडी आहे आणि मुलांच्या आजारावरील एका प्रकल्पात करारावर काम करते. वय एकतीस. करार दरवर्षी नवा होतो, पगार कधी तीन-तीन महिने येत नाही. आता तिला दिवस गेले आहेत. सासरचे लोक चांगले आहेत, पण ‘असल्या नोकरीसाठी एवढी ओढाताण कशाला’ असे म्हणतात. मलाही कधी कधी तसेच वाटते. तिला काय सांगावे?
— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : बाई, आपल्या पत्रातली काळजी मी अनेक घरांत पाहिली आहे. प्रथम कायद्याचे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे, एवढीच अट आहे. करारावर आहे म्हणून मुलीला हे लागू नाही, असे कोणी सांगितले तर ते निमूट मान्य करू नये. दिल्लीतल्या करारावरच्या एका डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले की, कराराची मुदत मध्येच संपली तरी मातृत्वाचे लाभ पूर्ण द्यावे लागतात. तिने आत्ताच, पोट दिसू लागण्याची वाट न पाहता, रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पगार थकतो, यात तिची किंवा तिच्या कामाची काही उणीव नाही. अनुदानाचा हप्ता येण्यास उशीर झाला की तो सर्वांत आधी तरुण माणसाच्या पगारातून वसूल होतो, ही आपल्याकडची जुनी आणि अन्यायकारक पद्धत आहे. संस्थेने आपल्या निधीतून ती रक्कम आगाऊ द्यावी आणि हप्ता आल्यावर वळती करून घ्यावी, एवढी साधी ही व्यवस्था आहे, आणि काही संस्था ती करतातही. जिथे होत नाही तिथे प्रकल्पप्रमुखाने स्वतः लेखा विभागात जाऊन बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएचडी झालेल्या रिसर्च असोसिएटचे मानधन जून २०२३ च्या आदेशानुसार दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये असे ठरलेले आहे. आपल्या मुलीचे पद कोणते आणि तिला त्या पदाचे पूर्ण मानधन मिळते का, हे एकदा तपासून पाहावे.

खंड पडला तर पुन्हा येण्याची दारे आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण आणि जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर या योजना स्त्री संशोधकांसाठीच आखलेल्या आहेत, आणि अनेक फेलोशिपमध्ये स्त्रियांना वयाची किंवा वर्षांची सवलत मिळते. तरीही माझा सल्ला असा की, तिने पूर्ण खंड पडू देऊ नये. रजेच्या काळात महिन्यातून एकदा सहकाऱ्यांशी बोलणे झाले, एखादा अर्धवट राहिलेला निबंध हळूहळू पुरा होत राहिला, तरी धागा तुटत नाही.

‘असल्या नोकरीसाठी’ हा शब्द मात्र मला लागला. मुलांच्या आजाराच्या मुळाशी जाण्यासाठी वॉर्डातल्या डॉक्टरइतकीच प्रयोगशाळेतली माणसे लागतात, आणि ती मध्येच निघून गेली की त्यांच्या हातचे कसब, कोणता नमुना कसा हाताळावा हे न लिहिलेले ज्ञान, त्यांच्याबरोबर निघून जाते. आपण स्वतः नोकरी करून मुलगी वाढवली आहे. पहिले वर्षभर दुपारचे चार तास नातवंड आपण सांभाळलेत, तर तिला कोणत्याही योजनेतून मिळणार नाही असे अनुदान मिळेल.

प्रश्न : आमच्या कुटुंबाचा भोसरीला छोटा कारखाना आहे. माझा नातू वयाच्या चौथ्या वर्षी गेला. त्याच्या नावाने आम्ही दरवर्षी पाच लाख रुपये बालरोग संशोधनासाठी देऊ इच्छितो. एका रुग्णालयाने यंत्र घेऊन देण्यास सुचवले आहे. योग्य होईल का?
— एक उद्योजक, प्राधिकरण

उत्तर : काका, आपल्या दुःखापुढे मी काय लिहावे? आपण विचारलेत म्हणून मनातले स्पष्ट सांगते : यंत्र देऊ नका, माणूस द्या.

यंत्रावर नाव कोरता येते आणि त्याचे उद्घाटन होते, म्हणून यंत्रांना देणगीदार मिळतात. परंतु ते चालवणारे प्रशिक्षित हात, त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक करार आणि त्यातून निघालेल्या आकड्यांचा अर्थ लावणारा संख्याशास्त्रज्ञ यांची तरतूद झाली नाही, तर ते झाकण घालून कोपऱ्यात उभे राहते. आपण कारखाना चालवता, त्यामुळे ऑपरेटरविना मशीन म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता आपल्या रकमेचा हिशेब पाहू. ज्युनिअर रिसर्च फेलोचे मानधन जून २०२३ च्या आदेशानुसार दरमहा ३७,००० रुपये ठरले आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. घरभाडे भत्ता त्याहून वेगळा. आपल्या देणगीत थोडी भर संस्थेने घातली, तर एक तरुण संशोधक वर्षभर पूर्णवेळ काम करू शकतो. दुसरा मार्ग असा : एखाद्या तरुण बालरोगतज्ज्ञाला आठवड्याचे दोन दिवस ओपीडीतून सोडवायचे आणि त्या दोन दिवसांसाठी बदली डॉक्टरचे मानधन आपण द्यायचे. मला स्वतःला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण आपल्याकडे त्यासाठी पैसे देणारे जवळजवळ कोणीच नाही.

माणसांवर खर्च केल्याने काय होते, याची साक्ष आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांशी तुलना केली. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हा अभ्यास आहे. तिथे मोठे यंत्र नव्हते. शिकवलेली, नोंदी ठेवणारी आणि वर्षानुवर्षे टिकून राहिलेली माणसे होती.

एक विनंती मात्र आग्रहाची आहे. एका वर्षापुरते देऊ नका. एकाच व्यक्तीला किमान तीन वर्षे मिळेल असा करार करा. या क्षेत्रात फळ उशिरा येते. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या भारतीय लसीचा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला तो १९८० च्या दशकाच्या मध्यात. त्या बाळांना संसर्ग होऊनही जुलाब झाले नव्हते, ही गोष्ट ज्यांनी हेरली त्यांत डॉ. महाराज किशन भान हे बालरोगतज्ज्ञ होते. लसीची अंतिम चाचणी ६,७९९ बाळांवर झाली, ती दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात. २०१६ मध्ये लस सरकारी लसीकरणात आली. मध्ये तीस वर्षे गेली. त्या तीस वर्षांत कितीतरी तरुण माणसांनी तीन-चार वर्षे काम करून आपापला वाटा पुढच्याच्या हाती दिला असेल, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

करार करताना दोन कलमे घाला : ज्याला फेलोशिप मिळेल त्याला त्या वेळात दुसरे काम लावले जाणार नाही, आणि वर्षातून एकदा तो आपल्या कुटुंबाला भेटून काय केले ते साध्या मराठीत सांगेल. निष्कर्ष नकारात्मक आले तरी ते प्रसिद्ध करावेत, असेही लिहा. एखादे औषध उपयोगी पडत नाही हे कळणे, ही पालकांच्या दृष्टीने मोठी बातमी असते. निवड आपण स्वतः करू नये. बाहेरच्या दोन-तीन जाणकारांवर सोपवावी. नातवाचे नाव फेलोशिपला जरूर द्या.

प्रश्न : दीड वर्ष खपून मी एका अभ्यासाची सर्व माहिती गोळा केली, मजकूरही मी लिहिला. छापून आला तेव्हा पहिले नाव विभागातल्या ज्येष्ठांचे होते आणि माझे चौथे. तक्रार केली तर पुढची वाट बंद होईल. काय करावे?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम स्पष्ट आहेत : लेखक म्हणून नाव लागण्यासाठी अभ्यासाच्या रचनेत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी लागतात. विभागप्रमुख असणे ही त्यांत बसणारी गोष्ट नाही. नावांचा क्रम मात्र आपापसात ठरवायचा असतो, आणि नेमके तिथेच तरुणांचे नुकसान होते.

छापून आलेल्या निबंधाबाबत आत्ता लढावे की नाही, हे तुमच्या परिस्थितीवर सोडते. लढला नाहीत तर मी तुम्हाला भित्रे म्हणणार नाही. पुढच्या अभ्यासात मात्र नैतिकता समितीकडे प्रस्ताव जाण्याआधीच लेखकांची नावे आणि क्रम ईमेलवर लिहून सर्वांना पाठवा. असा ईमेल पाठवणे उद्धटपणाचे नाही, आणि बहुतेक ज्येष्ठ त्याला ‘ठीक आहे’ असे उत्तर देतात. पदोन्नतीसाठी निबंध लागतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना घाई असते. त्या घाईत पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळू नका. त्यांत छापलेले चांगले कामही पुढे कोणी वाचत नाही.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात बालरोग विभागाची प्रमुख आहे. हाताखाली चार तरुण सहकारी आहेत, संशोधनाची इच्छाही आहे. निधी नाही. आम्ही सुरुवात कशी करावी?
— एक विभागप्रमुख, पुणे

उत्तर : डॉक्टर, तुमचे पत्र वाचून मला सर्वांत जास्त आनंद झाला, कारण या विषयातली खरी किल्ली विभागप्रमुखाच्या हाती असते. आठवड्यातला एक अर्धा दिवस ठरवा, समजा गुरुवारची दुपार, आणि चौघांपैकी दोघांना आळीपाळीने मोकळे करा. त्या दुपारी त्यांच्या रुग्णांची जबाबदारी तुम्ही स्वतः घ्या. पहिले काही महिने तुम्ही स्वतः वॉर्डात उभ्या राहिलात, तर ती दुपार कोणी मोडणार नाही.

चौघांना चार विषय देऊ नका. एकच प्रश्न घ्या, जो तुमच्या ओपीडीत रोज येतो आणि ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे आहे. गाठीशी निधी नसताना नोंदवही हाच तुमचा निधी समजा : कावीळ होऊन दाखल झालेली बाळे, दम्याने वारंवार येणारी मुले, यांची एकसारखी, रकाने न सोडता भरलेली दोन वर्षांची वही हातात असेल, तर पुढे अनुदान मागताना तुमचे बोलणे वेगळ्या वजनाने ऐकले जाते. शहरातल्या एखाद्या महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांशी आत्ताच संपर्क साधा, माहिती गोळा झाल्यावर नव्हे. किती मुले लागतील हे सुरुवातीलाच त्यांच्याकडून समजून घ्या. नैतिकता समिती नसेल तर नोंदणीकृत समिती असलेल्या संस्थेशी बोला. प्रयोगात उपचारांची तुलना असेल, तर पहिले मूल दाखल होण्यापूर्वी देशाच्या चाचणी-नोंदणी संकेतस्थळावर नोंद करणे विसरू नका.

आणि वहीच्या पहिल्या पानावर पत्त्याचे दोन रकाने ठेवा, एक सासरचा आणि एक माहेरचा, आणि मोबाइलचे तीन : आईचा, वडिलांचा आणि आजीचा. तरुण माणसे सिमकार्ड बदलतात. आजीचा नंबर सहसा बदलत नाही.